सान्नोमियाच्या खांबाला टेकलेला मुलगा

२०२५ च्या मे महिन्यात सीमेवर धुमश्चक्री चालू होती, त्या चार दिवसांत आमच्या घरी टीव्ही बंद करा म्हणणारी एकटी आई होती. बातम्यांना तिची हरकत नव्हती, तिची हरकत होती भोंग्याला. जी वाहिनी लावावी तिथे निवेदकाच्या आवाजाखाली हवाई हल्ल्याचा भोंगा वाजत होता. जाहिराती झाल्या की पुन्हा भोंगा, चर्चेला नवा पाहुणा आला की पुन्हा भोंगा. १९७१ च्या डिसेंबरात आई गिरगावात नऊ वर्षांची होती. खिडक्यांच्या काचांना चिकटवलेले काळे कागद, गाड्यांचे अर्धे काळे रंगवलेले दिवे आणि भोंगा झाला की पोरांना जिन्याखाली कोंबणाऱ्या चाळीतल्या बायका, हे सगळं तिला अजून लख्ख आठवतं. ‘तो आवाज असा कशालाही लावायचा नसतो रे,’ एवढंच ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. त्याच दिवसांत नागरी संरक्षणाच्या केंद्रीय महासंचालनालयानेही वाहिन्यांना तेच कळवलं: लोकांना माहिती देण्यापलीकडे भोंग्याचा वापर करू नका, ऊठसूट वाजवलात तर खऱ्या वेळी त्याचं कुणाला काही वाटणार नाही.

आईच्या बोलण्यात मला त्याहून जास्त काही दिसलं. आवाज, उजेड, कॅमेऱ्याची उंची या गोष्टी वरून लावलेली झालर नसतात. त्या बघणाऱ्याला कुठेतरी नेऊन उभं करतात. जिन्याखाली बसलेल्या पोरीला भोंगा ऐकू येतो तेव्हा तिच्या पोटात गोळा येतो. तोच भोंगा निवेदकाच्या आवाजाखाली पार्श्वसंगीत म्हणून वाजला की बघणारा सरसावून बसतो. आवाज तोच, पण माणूस जिन्याखालून उठून प्रेक्षागृहात आलेला असतो.

युद्धपटांवर आपण भांडतो तेव्हा प्रश्न ठरलेले असतात. देशभक्तीचा आहे की प्रचारकी? खरं घडलेलं आहे की रचलेलं? रक्तपात फार झाला का? हे प्रश्न विचारावेत, पण त्याच्या आधी एक प्रश्न येतो आणि तो आपण विचारत नाही: पहिल्या पाच मिनिटांत हा चित्रपट मला कुणाच्या शेजारी नेऊन उभा करतो? पुढचे दोन तास मी काय बघणार आणि काय बघूनही मला दिसणार नाही, हे बरंचसं तिथेच ठरून जातं. हे मी ज्या प्रसंगावरून शिकलो, तो एका जपानी ॲनिमेशनपटाचा आहे.

इसाओ ताकाहाता यांचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ १९८८ च्या एप्रिलमध्ये जपानमध्ये लागला. मूळ जपानी नाव ‘होतारु नो हाका’, म्हणजे काजव्यांची कबर. अकियुकी नोसाका यांच्या १९६७ च्या कथेवर तो बेतलेला आहे. नोसाकांचे दत्तक वडील कोबे शहरावरच्या बॉम्बहल्ल्यात गेले आणि पुढे धाकटी बहीण अन्नावाचून गेली. ती गेली आणि आपण उरलो, याचं ओझं उतरवायला त्यांनी ही कथा लिहिली, आणि कथेत भावालाही उरू दिलं नाही. ताकाहातांचीही या आगीशी ओळख होती. १९४५ च्या जूनअखेरीस ओकायामा शहर जाळलं गेलं तेव्हा ते नऊ वर्षांचे होते आणि जळत्या गल्ल्यांतून पळाले होते. हा चित्रपट ‘माय नेबर तोतोरो’ या अतिशय गोड बालपटाच्या जोडीने, एकाच तिकिटात दाखवला गेला, याची मला अजून धडकी भरते. मुलांना घेऊन आलेल्या आईबापांच्या पुढ्यात हे पहिलं दृश्य येत होतं.

आता ते दृश्य. पडद्यावर अंधार आहे. त्यात तांबूस उजेडात एक मुलगा उभा आहे, अंगावर गणवेश, डोक्यावर टोपी. तो सरळ आपल्याकडे बघतो आणि त्याचा आवाज येतो: १९४५ सालच्या २१ सप्टेंबरच्या रात्री मी मेलो.

गोष्ट सांगायच्या धंद्यातला कुणीही तुम्हाला सांगेल की शेवट आधी फोडायचा नसतो. इथे पहिल्याच वाक्यात फोडला आहे. चित्रपटभर ज्याच्या मागे आपण चालणार तो चौदा वर्षांचा सेइता मेलेला आहे, हे आपल्याला आताच कळलं. पुढे चार वर्षांची सेत्सुको येईल आणि तीही गेलेली आहे, हेही थोड्याच वेळात कळतं. म्हणजे ‘वाचतील का?’ ही दोरीच कापून टाकली. ही दोरी फार जोरकस असते, आपण तिला लटकून अख्खा चित्रपट बघतो, आणि शेवटी कुणी वाचलं की त्या सुटकेच्या आनंदात बाकीचे किती मेले ते विसरतो. दोरीच नसली की नजर हातातल्या तांदळाकडे जाते, दारात उभ्या मावशीच्या चेहऱ्याकडे जाते, बहिणीच्या पाठीवर उठलेल्या पुरळाकडे जाते. मरणार हे माहीत असलेल्या माणसाकडे आपण जसं बघतो, तसं नव्वद मिनिटं बघायला ताकाहाता आपल्याला भाग पाडतात.

मग तो उभा मुलगा खाली बघतो आणि आपल्याला दिसतं की कोबेच्या सान्नोमिया स्टेशनातल्या एका खांबाला टेकून तोच मुलगा बसला आहे. हाडं वर आलेली, अंगावर चिंध्या, मान छातीवर. एकाच चौकटीत दोघं: मेलेला उभा आहे आणि जिवंत पडला आहे. शेजारून माणसं जातायत. इथे कॅमेरा खाली आहे, बसलेल्या मुलाच्या पातळीवर, त्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्यांचे आधी दिसतात ते पाय. वाक्यं वरून पडतात. कुणी म्हणतं, किती घाण. कुणी विचारतं, मेला का हा? आणि एक आवाज म्हणतो, अमेरिकन लोक आता येतील, आणि स्टेशनात हे असं, लाज आणणारं.

या एका वाक्याने मला पहिल्यांदा हादरवलं, बॉम्बने नंतर. १५ ऑगस्टला युद्ध संपलेलं आहे. शत्रूची विमानं गेली. मुलगा ज्या रात्री मरतो आहे त्याच्या आदल्याच दिवशी, २० सप्टेंबरला, जपान सरकारने युद्धात अनाथ झालेल्या मुलांच्या संगोपनाचं धोरण कागदावर मंजूर केलं होतं. आणि या गर्दीला चिंता कसली, तर उद्या येणाऱ्या पाहुण्यांपुढे आपली शोभा होईल याची. पाहुणे येणार म्हणून रस्त्याकडेच्या वस्तीपुढे हिरवी कापडं बांधून काढलेली आपणही पाहिली आहेत, म्हणून हे वाक्य जपानी वाटत नाही.

कॅमेरा खाली ठेवण्याचा परिणाम काय होतो तो नीट बघण्यासारखा आहे. सेइताच्या भुताच्या डोळ्यांनी आपण बघत असतो, म्हणजे आपण त्याच्या बाजूचे असतो. पण आपण काही करू शकत नाही, कारण ते भूत काही करू शकत नाही. म्हणजे आपण एकाच वेळी त्या मुलाचे सोबती आहोत आणि हात खिशात घालून उभ्या असलेल्या गर्दीतलेही आहोत. आपले डोळे इतके दोन्हीकडे लावणारी दुसरी सुरुवात मला ठाऊक नाही. शिवाय पहिल्याच क्षणी तो सरळ आपल्याकडे बघून बोलला आहे. हा खेळ खिडकीबाहेरून बघण्याची सोय त्यानेच काढून घेतली.

मुलगा पुटपुटतो, आज तारीख काय असेल? मग बहिणीचं नाव घेतो आणि कलंडतो. संगीताचा पूर येत नाही. कुणी धावत येत नाही, तर तिथली सफाई करणारी माणसं येतात. एकजण हलवून बघतो. त्याच्या बोलण्यातून कळतं की ही पोरं कशी मरतात याचा त्याला रोजचा अंदाज आहे: डोळे असे सताड उघडे राहिले की फार वेळ लागत नाही. हे क्रौर्य नाही, सवय आहे, आणि ताकाहाता तिला बोट लावून दाखवत नाहीत. त्या माणसाला खलनायक केलं असतं तर आपण सुटलो असतो. तो बिचारा स्टेशन झाडतो आहे. दुसऱ्या खांबांनाही अशीच मुलं टेकलेली आहेत, तीही कॅमेरा नुसती दाखवून पुढे जातो.

त्या सफाईवाल्याला मुलाच्या कपड्यांत एक गोळ्यांचा पत्र्याचा डबा सापडतो. गंजलेला, आत काहीतरी खुळखुळतं. हे काय म्हणून तो बघतो आणि बाहेरच्या अंधाऱ्या गवतात भिरकावून देतो. डबा आपटतो, झाकण निघतं, आतून पांढरे तुकडे सांडतात. ते काय आहेत हे चित्रपट आता सांगत नाही. गवतातून काजवे उठतात. तांबूस उजेड पसरतो आणि त्यात सेत्सुको उभी राहते. तिला स्टेशनातलं भावाचं कलेवर दिसतं आणि ती धावणार इतक्यात खांद्यावर हात पडतो. वळून बघते तर भाऊच. तो डबा उचलतो, हातात घेताच गंज जातो, डबा नवा होतो, तिला देतो. दोघं रेल्वेच्या रिकाम्या डब्यात जाऊन बसतात, गोळ्या खातात, आणि खिडकीबाहेर तीन महिन्यांपूर्वीचं कोबे जळायला लागतं.

हा डबा मला या प्रसंगाचं काळीज वाटतो. पटकथेच्या वर्गात सांगतात की एखादी वस्तू आधी दाखवा आणि नंतर तिचा अर्थ उलगडा. इथे उलट केलं आहे: अर्थाचं शेवटचं टोक, बहिणीची हाडं, आधी हातात दिलं आणि मग आख्खा चित्रपटभर तो डबा मागे मागे जात गोड होतो. पुढे सेइता जेव्हा त्यात पाणी घालून हलवून सगळ्या चवींचं सरबत बहिणीला पाजतो, तेव्हा ती चिमुरडी एकेक चव ओळखते आणि हसते. आपल्याला हसता येत नाही, कारण त्या डब्यात शेवटी काय राहणार ते आपण गवतात पाहिलेलं असतं. ‘युद्ध वाईट असतं’ असं वाक्य चित्रपटभर कुणी म्हणत नाही, आणि या डब्यानंतर त्याची गरजही उरत नाही.

रंगाबद्दलही सांगायला हवं. ही भावंडं भुतं असतात तेव्हा पडदा लाल असतो. तो लाल रक्ताचा नाही आणि धोक्याचाही नाही, विझत आलेल्या निखाऱ्याचा आहे. चित्रपटभर अधूनमधून तो लाल परत येतो आणि दोघं आपलंच आयुष्य बाजूला उभं राहून बघताना दिसतात. दुसरं, ॲनिमेशनमध्ये आकृतींच्या कडा काळ्या रेषेने काढायचा रिवाज आहे, इथे त्या तपकिरी आहेत. हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही, पण माणसं भोवतालच्या मातीत, लाकडात, धुरात मिसळून जातात. काळी रेघ माणसाला जगापासून कापून काढते आणि त्याचा नायक करते. या दोघांना नायक होऊ द्यायचं नव्हतं.

आणि काजवे. जपानीत या शब्दासाठी नेहमीचं एक चित्राक्षर आहे. नोसाकांनी ते न वापरता दोन अक्षरं जोडली: आग, आणि लोंबणं किंवा ठिबकणं. ठिबकणारी आग. उच्चार तोच, पण डोळ्यांना दिसतात ते आभाळातून पडणारे आगबॉम्ब. जपानी शहरं लाकडाची आणि कागदाची होती, म्हणून त्यांच्यावर स्फोटकांपेक्षा आग टाकण्यात आली. टोकियोत १९४५ च्या मार्चमधल्या एका रात्रीत लाखभर माणसं गेली. आपल्याकडे भंडारदऱ्याला, पुरुषवाडीला मे-जूनमध्ये काजवे बघायला गर्दी लोटते. एकाच झाडावर हजारोंनी लुकलुकणारे ते जीव ज्याने पाहिले आहेत त्याला हे वेगळं समजवावं लागणार नाही की दोन-तीन आठवड्यांत ते सगळं विझतं. कोबेवरचा तो हल्ला ५ जूनचा होता, ऐन काजव्यांच्या दिवसांतला.

याच्या शेजारी दुसरी एक प्रसिद्ध सुरुवात ठेवतो. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या १९९८ च्या ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’मधलं, फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर अमेरिकन सैनिकांचं उतरणं. ते दृश्य खोटं आहे असं मी म्हणणार नाही, आणि त्याची कारागिरी थोर आहे. कॅमेरामन यानुश कामिन्स्की यांनी शटरचा कोन नेहमीच्या १८० अंशांवरून ९० आणि ४५ अंशांपर्यंत खाली आणला. त्यामुळे प्रत्येक चौकटीवर उजेड कमी वेळ पडला, हालचालीतला पुसटपणा गेला आणि उडणारी वाळू कणाकणाने वेगळी दिसू लागली. भिंगांवरचा संरक्षक थर काढून टाकला, त्यामुळे रंग जुन्या युद्धवार्तापटांसारखे फिकटले. संगीत नाही. कॅमेरा खांद्यावर, धापा टाकणारा. एका स्फोटानंतर कप्तानाच्या कानात दडे बसतात आणि आपल्याही. ज्यांनी ते युद्ध पाहिलं होतं अशा म्हाताऱ्या सैनिकांनाही ते बघवलं नाही.

पण विचार करा, तो प्रसंग आपल्याला कुठे उभं करतो. सैनिकाच्या कातडीत. आणि त्या कातडीची इच्छा एकच असते: वाचायचं, पुढे सरकायचं, वरची मशिनगन बंद पाडायची. म्हणून पंचवीसेक मिनिटांनी वरचं ठाणं पडतं तेव्हा कितीही भयंकर पाहिलेलं असो, आपण सुटकेचा श्वास सोडतो, आणि तो विजयाचा श्वास असतो. भीती आपल्याकडून घेतली आणि बदल्यात जिंकण्याची चव दिली. त्या चित्रपटाची खरी सुरुवात तर स्मशानभूमीत फडफडणाऱ्या झेंड्याने आणि एका म्हाताऱ्याच्या डोळ्यांनी होते. त्या डोळ्यांवरून थेट किनाऱ्यावर उडी आहे, त्यामुळे आपण धरून चालतो की ही त्याची आठवण. शेवटी कळतं की तो माणूस त्या किनाऱ्यावर नव्हताच. म्हणजे सगळ्यात खऱ्या वाटणाऱ्या प्रसंगाचं दार एका युक्तीने उघडलं होतं. युक्ती वापरली ही तक्रार नाही, ताकाहातांचं भूतही युक्तीच आहे. तक्रार अशी की तिथून पुढे हलणारा कॅमेरा हाच खरेपणाचा शिक्का झाला. आमच्याकडे हिंदीतल्या युद्धपटांनी तो उचलला, मालिकांनी उचलला, आणि आता फोनवर कुठलीतरी थरथरती चित्रफीत आली की ‘बघा, हे खरं आहे’ म्हणून लोक पुढे पाठवतात. मे महिन्याच्या त्या दिवसांत दुसऱ्याच युद्धातल्या आणि व्हिडिओ गेममधल्या चित्रफिती खऱ्या म्हणून आपल्या गटांवर फिरल्या, हे सगळ्यांनी अनुभवलं आहे. थरथर दिसली की आपण शंका घेणं सोडतो. त्याच दिवसांत पूंछमध्ये तोफगोळ्यांनी मुलंही गेली. त्यांच्या घरांपाशी आपली नजर किती वेळ थांबली?

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून मला पुढे जाता येत नाही. जपानला असं निरागस मुलाच्या रूपात दाखवणं म्हणजे इतिहास धुऊन काढणं नव्हे का? १९३७ मध्ये चीनमधल्या नानजिंगला जपानी सैन्याने कत्तल केली, तिचं काय? कोरियातल्या बायकांना सैनिकांसाठी जबरदस्तीने वेश्यागृहांत ठेवलं, त्याचं काय? जपानी सैन्याने बांधून घेतलेल्या ब्रह्मदेशाच्या रेल्वेमार्गावर मलायातल्या मळ्यांमधून नेलेले तमिळ मजूर किती मेले? अंदमान साडेतीन वर्षं त्यांच्या ताब्यात होतं, तिथल्या आपल्या लोकांनी काय सोसलं? हे सगळं चित्रपटात नाही, हे खरं आहे. ज्यांच्या घरी ती जखम आहे त्यांनी हा चित्रपट बघायचं नाकारलं तर त्यांना समजावायला जाण्याचा मला अधिकार नाही.

तरी प्रसंग पुन्हा बघा. तो मुलगा काय घालून उभा आहे? गणवेश. त्याचे वडील नौदलात अधिकारी आहेत आणि त्याला त्याचा रास्त नव्हे, फुगलेला अभिमान आहे. बाबांचं आरमार सगळ्यांना धूळ चारेल असं तो शेवटपर्यंत धरून बसतो. देश हरला हे त्याला कळतं ते बँकेच्या रांगेत, योगायोगाने, आणि तो ओरडतो तेव्हा त्याच्या ओरडण्यात बापाइतकंच आरमारही असतं. आईने ठेवलेले सात हजार येन बँकेत होते. पोरगं पैसे असून मेलं, टोमण्यांना कंटाळून ज्या मावशीचं घर सोडलं तिच्याकडे मान वाकवून परत जाता आलं नाही म्हणून मेलं. अजिंक्य देशाची जी घमेंड नानजिंगला गेली, तीच या पोराच्या अंगात भिनवली होती, आणि ती त्याच्या बहिणीला खाऊन गेली. चित्रपट जपानला माफ करतो असं मला म्हणूनच वाटत नाही. स्टेशनातली ती वाक्यं जपानी माणसंच बोलतात, अमेरिकन वैमानिक नव्हे.

ताकाहाता स्वतः आयुष्यभर सांगत राहिले की हा युद्धविरोधी चित्रपट नाही. जगापासून तुटून दोघांचंच घरकुल मांडायला गेलेल्या मुलांची ही गोष्ट आहे, आजच्या तरुणांची सुद्धा, असं त्यांचं म्हणणं होतं. असल्या चित्रपटांनी युद्ध थांबत नाही, हेही ते म्हणत, कारण युद्ध सुरू करणारेही ‘पुन्हा असं होऊ नये म्हणून’ हेच कारण देतात. आणि हेच गृहस्थ जपानी राज्यघटनेतलं युद्धत्यागाचं नववं कलम टिकावं म्हणून उघडपणे उभे राहिले. दिग्दर्शकाचा शब्द मी मानतो, पण पूर्ण नाही. रडवून सोडणारा चित्रपट युद्ध थांबवत नाही, हे पटतं. रडून झालं की माणूस हलका होतो आणि घरी जातो. पण हा पहिला प्रसंग रडवत नाही. तो आपल्याला स्टेशनात उभं करतो आणि पायांच्या उंचीवर वाकवतो. ते शरीराला लागलेलं वळण आहे, आणि वळण जाता जात नाही. मी स्वतः पुणे स्टेशनच्या पादचारी पुलावर आजही नकळत खाली बघतो.

नागरिकांच्या अंगाने युद्ध दाखवण्याची वाट आपल्याकडे नव्हती असं नाही. सत्यजित राय यांचा १९७३ चा ‘अशनि संकेत’ १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावर आहे. त्याच महायुद्धाने, बॉम्बने नव्हे तर उपासमारीने, तिथे वीस-तीस लाख माणसं मारली. तांदूळ महाग झाला, सैन्याकडे गेला, साठेबाजांकडे गेला, आणि कोलकात्याच्या फुटपाथवर माणसं खांबांना टेकून मेली. त्या चित्रपटाच्या सुरुवातीला नदीत उतरलेल्या बायका वरून जाणारी लढाऊ विमानं बघतात आणि त्यांना ती सुंदर दिसतात. हिरवं पाणी, हिरवं शेत, निळं आभाळ. सगळं इतकं रंगीत आहे की टीकाकारांनी तेव्हा रायना विचारलं, दुष्काळ एवढा देखणा कसा? पण तेच तर होतं. पीक उभं होतं, पाणी होतं, दगा एकट्या निसर्गाने दिला नव्हता. तो रंग म्हणजे आरोपपत्र आहे. ताकाहातांचा लाल आणि रायांचा हिरवा मला एकाच घरचे वाटतात.

मग मागणं काय? युद्धपटांवर बंदी नको, शौर्याचे चित्रपट नकोत असंही नाही. सीमेवर उभ्या असलेल्या माणसाची गोष्ट सांगायलाच हवी. पण तेवढीच एक गोष्ट सांगितली जात असेल तर बघणाऱ्याला युद्धात दोनच जागा उरतात, सैनिकाची आणि टाळ्या वाजवणाऱ्याची. तिसरी जागा, जिन्याखालची, दिसेनाशी होते. आणि बहुतेक आपण तिथेच असणार आहोत. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे, शेजारी फिल्म इन्स्टिट्यूट आहे, चित्रपट रसास्वादाची शिबिरं या शहरात कित्येक दशकं भरतात. एवढं घरात असताना आमच्या नववी-दहावीच्या मुलांना कविता कशी वाचावी ते शिकवतात, यमक आणि अनुप्रास शिकवतात, आणि दिवसाचे चार-चार तास ज्याच्यापुढे जातात ते हलतं चित्र कसं वाचावं हे कुणी शिकवत नाही. भाषेच्या पुस्तकात एक धडा एका प्रसंगाचा असावा. पाच मिनिटांचा प्रसंग, दोन तासिका. कॅमेरा कुठे आहे, आवाज कुठून येतो, कोण दिसत नाही. एवढं शिकलेलं पोर भोंग्याच्या पार्श्वसंगीताला सहजी बळी पडणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

हे मी करून पाहिलं आहे. गेल्या उन्हाळ्यात ओळखीच्या एका वाचनालयात तेरा-चौदा वर्षांची वीसेक मुलं होती. पालकांना आधी विचारलं, आणि फक्त हा पहिला प्रसंग दोनदा दाखवला, पहिल्यांदा आवाज बंद करून. आवाज नसताना बऱ्याच मुलांना तो खांबाला टेकलेला मुलगा झोपलेला वाटला. उभा असलेला कुणीतरी त्याचा भाऊ असावा असं एकजण म्हणाला. मग आवाजासह लावलं, ती वाक्यं मी मराठीत सांगत गेलो, आणि ‘लाज आणणारं’ या शब्दापाशी मागच्या बाकांवरची कुजबुज थांबली. नंतर मी विचारलं, स्टेशनात तुम्ही कुठे होता? जवळजवळ सगळ्यांनी सांगितलं, खाली, त्याच्या बाजूला बसलो होतो. एक मुलगी म्हणाली, मी चालत होते. का, असं विचारल्यावर तिने खांदे उडवले आणि म्हणाली, मला क्लासला उशीर झालेला असतो.

वेळ संपत आली होती, पंखे बंद करून कुलूप लावायला शिपाईकाका दारात येऊन उभे होते. पुढच्या बाकावरच्या एका मुलाने डबा फेकण्याचा भाग पुन्हा लावायला सांगितला. लावला. त्याने पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा तो उठून पडद्याच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला. त्याला झाकण नेमकं कधी निघतं ते बघायचं होतं.